मुळांभोवतीचे जीवाणू आणि आष्ट्याचा ऊस

मूळ आणि माती
प्रकाशसंश्लेषणातून मिळालेल्या कर्बाचा काही भाग वनस्पती शर्करा आणि सेंद्रिय आम्लांच्या रूपाने मुळांवाटे मातीत सोडते. या खाद्यामुळे मुळांलगतच्या काही मिलिमीटर थरात जीवाणूंची दाटी होते. जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्ट्स हिल्टनर यांनी 1904 मध्ये या थराला 'रायझोस्फियर' असे नाव दिले. वाळवा तालुक्यातील आष्टा परिसरात काळ्या जमिनीवर ऊस, सोयाबीन आणि हळद ही पिके होतात. तिन्हींचे पोषण या थराशी बांधलेले आहे.

सोयाबीनच्या गाठी
आडसाली उसाच्या सरीत आंतरपीक म्हणून घेतलेल्या सोयाबीनमध्ये ही देवघेव डोळ्यांनी पाहता येते. मुळांतून स्रवणारी विशिष्ट द्रव्ये ओळखून रायझोबियम गटातील जीवाणू मूळरोमातून आत शिरतात आणि तेथे गाठ तयार होते. नत्र स्थिर करणारे विकर प्राणवायूने निकामी होते. म्हणून गाठीतील लेगहिमोग्लोबिन हे लाल द्रव्य प्राणवायू धरून ठेवते. ऐन वाढीतले रोप अलगद उपटून गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी-तांबूस रंग दिसला, तर नत्र स्थिरीकरण चालू आहे असे समजावे. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट असेल, तर तिचे काम सुरू झालेले नाही किंवा संपले आहे. स्थिर झालेल्या नत्राचा मोठा भाग दाण्यात जातो. उसाच्या वाट्याला मुळे, गाठी आणि पालापाचोळा कुजून मिळेल तेवढेच येते.

उसाच्या आतले जीवाणू
उसाला गाठी येत नाहीत. मात्र 1988 मध्ये ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर आणि सहकाऱ्यांनी उसाच्या गोड पेशीजालात राहून नत्र स्थिर करणाऱ्या ॲसिटोबॅक्टरची नोंद केली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार हेक्टरी 10 किलो ॲसिटोबॅक्टर आणि 1.25 किलो स्फुरद विरघळवणारे जीवाणू 100 लिटर पाण्यात मिसळून टिपऱ्या 30 मिनिटे बुडवतात. बुरशीनाशकाची प्रक्रिया त्याआधी उरकावी लागते. क्रम उलटला तर जिवंत संवर्धकालाच बाधा पोहोचते.

स्फुरदाची अडचण
काळ्या चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो. स्फुरद विरघळवणारे जीवाणू आम्ले सोडून तो मोकळा करतात, तर मायकोरायझा बुरशीचे तंतू मुळे पोहोचत नाहीत तेथून तो ओढून आणतात.

मर्यादा
युरिया मुबलक मिळाला की सोयाबीन गाठी कमी धरते, कारण जीवाणूंना शर्करा पुरवण्याची त्याला गरज उरत नाही. पाटपाण्याच्या अतिवापराने वाफसा मोडला की मुळांची आणि हवेवर जगणाऱ्या जीवाणूंची घुसमट होते. क्षारपड रानात हा त्रास आणखी वाढतो. तेथे संवर्धकाआधी निचऱ्यावर खर्च करणे योग्य.

पाचट
तुटलेल्या उसाचे हेक्टरी सुमारे 8 ते 10 टन पाचट जाळले, तर जीवाणूंचे खाद्यच राखेत जाते. ते सरीत कुजवता येते, पण पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र थोडे असते. कुजवणारे जीवाणू ही तूट मातीतील नत्राने भरून काढतात आणि खोडवा पिवळा पडतो. म्हणून पाचटावर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारे संवर्धक टाकण्याची शिफारस आहे.