मागच्या चाकांचं विसरलेलं तेल

इंजिन ऑइल कधी बदललं, हे बहुतेकांना आठवतं. मागच्या एक्सलजवळच्या त्या छोट्या डब्यातलं तेल मात्र कुणाच्या गावीही नसतं. स्कोडा यती किंवा कोडियाकच्या फोर बाय फोरमध्ये असते ती हाल्डेक्स कपलिंग, मूळची स्वीडनची. पुढची चाकं घसरू लागली की तेलाच्या दाबाने क्लचच्या प्लेटा एकमेकींवर आवळल्या जातात आणि ताकद मागे पोचते. हे सगळं जेमतेम लिटरभर तेलावर चालतं, कधी त्याहून कमीवर.

प्लेटा घासतात, त्यांची बारीक पूड तेलात उतरते. म्हणूनच 1998च्या सुमारास आलेल्या पहिल्या पिढीत तेल साधारण 30,000 किलोमीटरला आणि फिल्टर 60,000ला बदलायचा, असा हिशेब होता. पाचव्या पिढीत बदलता येणारा फिल्टरच गेला. उरली पंपाच्या तोंडाशी एक इवलीशी जाळी. पंप उतरवून पाहिलात तर तिच्यावर मशेरीसारखा काळा लगदा बसलेला दिसतो. नुसतं तेल बदलून तो निघत नाही, जाळी धुवावीच लागते. माझ्या मते दर तीन वर्षांनी हे करून घ्यावं, घाटात आणि चिखलात गाडी फिरत असेल तर त्याआधीच.

जाळी तुंबली की पंपावर ताण येतो आणि शेवटी तो जळतो. गाडी मात्र पुढच्या दोन चाकांवर मजेत धावत राहते. त्यामुळे कोरड्या रस्त्यावर बिघाडाचा पत्ताच लागत नाही.