मठच का लुटले जात?

इ.स. 793 च्या जूनमध्ये व्हायकिंगांनी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळील लिंडिसफार्न बेटावरचा मठ लुटला. भिक्षू मारले गेले. अल्क्विन या विद्वानाने पत्रांतून त्याबद्दल शोक केला. व्हायकिंग ख्रिस्ती नव्हते. त्यामुळे धर्मद्वेष हे कारण चटकन सुचते.

ते पुरेसे आहे का? प्रयोगशाळेत आपण एकच घटक बदलून परिणाम पाहतो. इतिहासात हे करता येत नाही, पण कधी कधी अशी जोडी आयती मिळते. आपली तर घरचीच आहे.

1791 साली टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात पुण्याच्या पेशव्यांचे सरदार पटवर्धन यांची फौज म्हैसूरच्या मुलखात होती. तिच्याबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. माणसे मारली गेली, शारदेची मूर्तीही जागेवरून हलवली गेली. स्वामींना कार्कळला आश्रय घ्यावा लागला. पेशवे ब्राह्मण, पटवर्धन ब्राह्मण आणि मठ शंकराचार्यांचा! धर्मभेद वजा केला तरी लूट उरलीच. आयर्लंडमध्येही फेडलिमिड या ख्रिस्ती राजाने 833 साली क्लॉनमॅकनॉइसचा मठ जाळला होता.

मग समान काय? मठात दान येत राहते, आणि संन्याशाला वारस नसल्याने ते वाटले जात नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे सोने-चांदी एका जागी, राखायला शस्त्रे नाहीत. पेंढाऱ्यांना तर पगारच नसे. लूट हीच कमाई. अशा टोळ्या सोबत नेणाऱ्या सरदारांची जबाबदारी मात्र त्यामुळे कमी होत नाही, असे मला वाटते.

धर्माचा संबंधच नव्हता, असे यावरून सिद्ध होत नाही. धर्मभेदाशिवायही मठ लुटले जातात, एवढेच सिद्ध होते.

पुराव्याचेही पाहा. लिंडिसफार्नची हकीकत लिहिली ती ख्रिस्ती पंडितांनी. शृंगेरीची लूट टिपूच्या कन्नड पत्रांतून कळते. ती 1916 मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे आर. नरसिंहाचार यांना मठात सापडली. टिपूने मूर्तीच्या पुनःप्रतिष्ठेसाठी मदत पाठवली आणि शत्रूच्या नाशासाठी अनुष्ठान करण्याची विनंतीही केली. म्हणजे सांगणारा त्रयस्थ नव्हता. व्हायकिंगांनी आपल्या बाजूने अशी पत्रे लिहिली नाहीत. पण नॉर्वेतील स्त्रियांच्या थडग्यांत ब्रिटन-आयर्लंडमधल्या धर्मवस्तूंवरचे नक्षीदार धातूचे तुकडे सापडतात. मागे टाचणी जोडून त्यांचे दागिने केलेले.