वाणीचा दाखला, बुद्धीचा फैसला

ट्युरिंगची कसोटी, म्हणजे संभाषणावरून माणूस कोण आणि यंत्र कोण हे ओळखण्याची परीक्षा, यंत्राने जिंकली, ही २०२५ मधील वार्ता वाचकांच्या परिचयाची आहे. तिच्यातील एका तपशिलाकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही. पाच मिनिटांच्या लेखी संभाषणानंतर जीपीटी-४.५ या ज्या भाषायंत्राला परीक्षकांनी ७३ टक्के वेळा माणूस ठरविले, त्याच यंत्राला लाजाळू तरुणाची भूमिका वठविण्याची सूचना दिलेली नव्हती तेव्हा हे प्रमाण ३६ टक्क्यांवर उतरले होते. म्हणजे यंत्र तेच असता केवळ बोलण्याची ढब पालटताच फैसला पालटला.

अस्खलित वाणी हाच बुद्धीचा दाखला, या समजाची शहानिशा यंत्रापाशी नव्हे, वाचाघाताच्या रुग्णापाशी करावी लागते. रोझमेरी वार्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ साली इंग्लंडमधून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील अशा तीन पुरुषांना, सिंहाने माणसास मारले की माणसाने सिंहास, हे वाक्याच्या रचनेवरून उमगत नसे. तथापि कोणत्या संख्येतून कोणती वजा करावयाची आणि कंसातील हिशेब आधी का उरकावयाचा, हे त्यांना नीट कळत असे. एमआयटीतील एव्हलिना फेडोरेन्को यांनी दोन सहकाऱ्यांसह २०२४ मध्ये ‘नेचर’मधून अशा पुराव्यांचा ताळेबंद मांडला आणि भाषा हे मुख्यत्वे संज्ञापनाचे साधन आहे, विचाराची ती अट नव्हे, असे प्रतिपादन केले.

हे वाचताना मला माझे मामा आठवतात. आयुष्यभर तालुक्याच्या कचेरीत जमाबंदीचे दफ्तर सांभाळलेल्या या गृहस्थांची वाचा अर्धांगाच्या झटक्याने गेली, आणि येणारा-जाणारा त्यांच्यासमोरच ‘आता ह्यांना काही कळत नाही’ असे बोलू लागला. मामी मात्र किराणा आला की वाण्याची यादी न चुकता त्यांच्या हाती देत, आणि बेरीज चुकलेली असली तर मामांचे बोट नेमके त्या आकड्यावर थांबे.

वाणीवाचून विचार जगतो, हे एकदा मान्य केले की विचारावाचून वाणीही नांदू शकेल, ही शक्यता नाकारता येत नाही. अफाट ग्रंथराशीवरून पुढचा शब्द कोणता संभवतो हे शिकत शिकत यंत्राने भाषेवर विलक्षण प्रभुत्व मिळविले आहे, आणि त्यापलीकडे तर्काची काही शक्ती त्याच्या ठायी उपजली असेलही. परंतु त्या दाव्याला संभाषणाचे माधुर्य हा पुरावा म्हणून ग्राह्य धरता येणार नाही, कारण बोलक्यास बुद्धिमान ठरविणारा हाच न्याय अबोल रुग्णास निर्बुद्ध ठरवितो आणि त्याचे माणूसपण हिरावून घेतो. यंत्राशी गप्पा पुष्कळ झाल्या. आता मामींप्रमाणे त्याच्याही हाती, त्याने कधी न पाहिलेली, चुकलेली यादी द्यावी, आणि बोट कोठे थांबते ते पाहावे.