‘कोरडवाहू’ कुठे तुटतो?

धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन-तुरीचा विषय निघाला की ‘कोरडवाहू’ हा शब्द येतोच. आधी ‘कोरडा’ म्हणून पाहा, मग ‘कोरडवाहू’. ‘कोरडा’ म्हणताना र अर्धा होतो: कोर्-डा. ‘कोरडवाहू’त तोच र पुरा उमटतो आणि ड अर्धा पडतो: को-रड्-वा-हू. कागदावर यातलं काही दिसत नाही.

एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या अशा तुकड्याला भाषाविज्ञानात ‘अक्षर’ म्हणतात. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ सहसा गळतो. मधलाही गळतो, पण त्याच्या आधी आणि पुढच्या व्यंजनावर स्वर हवा. आणि हे शेवटाकडून तपासत यायचं. म्हणून ‘समजला’ होतो स-मज्-ला. शब्दातल्या पहिल्या व्यंजनाचा अ मात्र जागचा हलत नाही.

खरी गंमत जोडविशेषणांत. ‘कामचलाऊ’ला हाच नियम डोळे झाकून लावला तर च अर्धा होऊन ‘कामच्-लाऊ’ होईल. जणू कुणी कामच लावायला निघालंय! आपण म्हणतो काम्-च-ला-ऊ. कारण ‘चलाऊ’ हा मुळात वेगळा शब्द आहे आणि च त्याचं पहिलं व्यंजन. ‘बिनपगारी’तला प असाच टिकतो. दोन शब्द एकत्र नांदू लागले तरी सांध्याची खूण उच्चारात राहते.

संधी झाला की ही खूण पुसली जाते. भूम तालुक्यातलं माणकेश्वर घ्या. ‘माणक’ म्हणताना मा-णक्, पण गावाचं नाव माण्-केश्-वर. जिल्ह्याचं 2023 पर्यंतचं नावही तसंच. ‘उस्मान’चा न ‘आबाद’च्या आ-ला चिकटला आणि उस्-मा-ना-बाद झालं. ‘धाराशिव’चा सांधा मात्र शाबूत आहे.

इंग्रजीत सांधा दाखवायचं काम बरंचसं आघात करतो. ‘ब्लॅकबर्ड’मध्ये जोर ‘ब्लॅक’वर असला तर तो एक विशिष्ट पक्षी, ‘बर्ड’वर गेला तर कुठलाही काळा पक्षी. ‘वेल-नोन’ वाक्याच्या शेवटी आलं की जोर ‘नोन’वर, नामाआधी आलं की बहुधा ‘वेल’कडे सरकतो. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही. त्यामुळे आपली मुलं इंग्रजी सपाट वाचतात, यात त्यांचा दोष नाही. हा जोर त्यांना कुणी ऐकवलेलाच नसतो.

मराठीचा सांधा कागदावर दिसत नाही, म्हणून मराठी वाचून दाखवणारी यंत्रं बनवणाऱ्यांनी व्यंजनं मोजण्याआधी शब्दाची फोड करावी, आणि चाचणीच्या यादीत ‘कामचलाऊ’ जरूर ठेवावा.