पंचनाम्याबाहेरची माणसे

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागेचे वर्ष दोन छाटण्यांनी बांधलेले असते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च घडांची खुडणी. दुर्दैव असे की, गारांचा हंगामही बहुधा तोच! २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट महाराष्ट्र विसरलेला नाही. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी तर निफाड परिसरावर अवेळीच गारा कोसळल्या.

गारा काही मिनिटेच पडतात. त्यांचा हिशेब मात्र वर्षानुवर्षे चालतो. फुटलेले मणी कुजतात, घड नासतो आणि काडीला बसलेला मार पुढच्या बहरालाही भोवतो. २०१५ मध्ये केंद्र शासनाने मदतीसाठी नुकसानीची अट ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आणली, हे योग्यच झाले. तथापि पंचनामा होतो तो सातबाऱ्यावरील पिकाचा. पेठ-सुरगाण्याहून छाटणी-खुडणीसाठी येणाऱ्या मजुरांचे नाव त्या उताऱ्यावर नसते. बाग झोडपली गेली की त्यांचा हंगामच बुडतो. बुडालेल्या मजुरीसाठी पिकाच्या पंचनाम्यात रकाना नाही.

बागायतदाराला भरपाई मिळालीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु गारांना सातबारा कळत नाही; शासनाला केवळ तोच कळावा काय? दुष्काळात राबत्या हातांना काम देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, हा विचार महाराष्ट्राने १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने देशापुढे ठेवला. गारपिटीने रिकाम्या झालेल्या हातांना तोच न्याय लावावयास हवा.