हिरवा दिवा लागेना

पहिल्यातून वर उचलावं तर दुसरा पडतो, दुसऱ्यातून खाली दाबावं तर पहिला. मधला न्यूट्रल काही केल्या हाती लागत नाही. पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला एका संध्याकाळी मी लाल दिवा असेपर्यंत हेच करत होतो. क्लच आवळून धरलेला डावा हात दुखायला लागला, मागच्यांनी हॉर्न सुरू केले, तरी मीटरवरचा हिरवा दिवा लागला नाही. पुढचे काही दिवस दोष माझ्या पायाचाच असेल असं मी धरून चाललो होतो. तसं नव्हतं. उभ्या गाडीला न्यूट्रल लागत नाही ही तक्रार बहुतेक वेळा गिअरची नसतेच, क्लचची असते. म्हणून पेडलला लाथा घालणं मला फार वाईट वाटतं. मार भलत्याच भागाला बसतो.

मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये गिअरच्या जोड्यांचे दात एकमेकांत कायम गुंतलेले असतात. पेडल दाबल्यावर होतं ते इतकंच : शाफ्टवर सरकणाऱ्या एका गिअरच्या बाजूच्या जाड खुंट्या शेजारच्या गिअरच्या खाचांत जाऊन बसतात. या खुंट्यांना ‘डॉग’ म्हणतात. गिअर सरकवतो फोर्क, आणि फोर्कला हलवतो नागमोडी खाचा कोरलेला ड्रम. ड्रमच्या टोकाला चांदणीसारखी चकती असते. स्प्रिंगने दाबून धरलेलं एक छोटं चाक तिच्या खळग्यात बसतं, आणि पायाला ‘टक्’ जाणवतं ते हेच. बऱ्याच गाड्यांत एका गिअरवरून पुढच्यावर जाताना ड्रम ६० अंश फिरतो. न्यूट्रल मात्र पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये, ३० अंशांवर, आणि त्याचा खळगा बाकीच्यांपेक्षा उथळ. तो मुद्दामच तसा ठेवलेला असतो. धावत्या गाडीत पहिल्यावरून दुसरा टाकताना चाक मध्येच बसलं, तर ऐन चढावर गाडीची ओढ तुटेल. म्हणजे घाईत सहज ओलांडली जावी अशीच ती जागा बनवलेली आहे.

आता क्लचकडे येऊ. डॉगच्या कडा किंचित आत कललेल्या असतात. त्यामुळे जोर आला की ते एकमेकांना आणखी घट्ट ओढून धरतात, गिअर आपोआप सुटत नाही. चालत्या गाडीत हा गुण मोलाचा. पण सिग्नलला उभं असताना त्या पकडीवरचा जोर पुरता गेल्याशिवाय डॉग निघत नाहीत. तो जोर काढायचा क्लचने. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो : घर्षणाच्या चकत्या आणि पोलादी चकत्या एकाआड एक रचलेल्या. दांडी दाबली की त्यांच्यात थोडी फट पडते. ती पुरेशी पडली नाही, तर इंजिन गिअरबॉक्सच्या एका शाफ्टला फिरवायला बघतं, मागचं चाक दुसऱ्या शाफ्टला रोखून धरतं, आणि मधले डॉग आवळले जातात. पाय कितीही हलका असो, मग न्यूट्रल लागणं कठीणच.

ओळखायची रीत सोपी आहे. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करा, क्लच दाबा, गाडी जरा पुढेमागे हलवा आणि न्यूट्रल लावून पाहा. इंजिन बंद असताना सहज लागला आणि सुरू असताना अडला, तर क्लच पुरता सुटत नाही. दोन्ही वेळा अडला, तर मात्र आतली स्प्रिंग, चाक, फोर्क किंवा बाहेरची गिअरची दांडी तपासायला हवी. गॅरेजवाल्याला नुसतं ‘गिअर कडक झालाय’ असं न सांगता हा फरक सांगितला, तर गिअरबॉक्स विनाकारण उघडला जात नाही.

माझ्या गाडीत दोष निघाला तो क्लचच्या वायरीत. शंभर-दीडशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांना दांडीच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल असावी लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. वायर ताणली गेली की ही हालचाल वाढते आणि दांडी हँडलला टेकली तरी चकत्यांमध्ये फट पडत नाही. उलट हालचाल अजिबात न ठेवता वायर आवळली, तर क्लच घसरतो आणि चकत्या जळतात. वायर ठीक असूनही त्रास राहिला, तर पोलादी चकत्या तापून वाकल्या आहेत का ते पाहावं. क्लचच्या बाहेरच्या डब्याच्या बोटांवर चकत्यांच्या कानांनी खाचा पाडल्या असतील, तर चकत्या तिथे अडकून राहतात. पावसाळ्यात महिनाभर उभी राहिलेली गाडी पहिला गिअर टाकताच धक्का देते, ते चकत्या एकमेकींना चिकटल्यामुळे. तेल जुनं झालं किंवा गरजेपेक्षा दाट असलं, तरी क्लच ओढत राहतो. आणि मोटारीचं तेल ओल्या क्लचच्या गाडीत ओतू नका. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ ही खूण असावी.

न्यूट्रलच्या या अडचणीवर डिझाइनमध्येच तोड काढणारेही होते. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे तीन खाली. सोबत टाचेने दाबायचा एक वेगळा लहान खटका, न्यूट्रल फाइंडर. चौथ्यात, तिसऱ्यात किंवा दुसऱ्यात असताना क्लच धरून तो दाबला की गाडी थेट न्यूट्रलला. पहिल्यातून मात्र तो चालत नसे. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या गाड्यांत गिअर आणि किक यांची दांडी एकच होती, आणि ती पायाने दाबली की क्लचही आपोआप सुटे. स्प्लेंडरसारख्या चारही गिअर पुढे दाबायच्या गाडीत न्यूट्रल रांगेच्या टोकालाच असल्यामुळे टाचेने मागे येत राहिलं की तो ओलांडला जाण्याची भीती नाही.

मला सगळ्यात आवडते ती कावासाकीची युक्ती. एका गिअरच्या आत पोलादी गोळ्या ठेवलेल्या असतात. गाडी उभी असली की वरची गोळी आपल्याच वजनाने शाफ्टच्या खाचेत उतरते आणि दुसऱ्या गिअरची वाट अडवते. पहिल्यातून वर उचललं की न्यूट्रलच लागतो. चाक फिरायला लागलं की गोळ्या बाहेर फेकल्या जातात आणि वाट मोकळी होते. ना वीज, ना सेन्सर.

रिक्षावाल्यांचं दुखणं जरा वेगळं. हाताच्या मुठीने गिअर बदलणाऱ्या जुन्या रिक्षांत मुठीपासून गिअरबॉक्सपर्यंत दोन वायरी जातात. त्या सैल झाल्या की मुठीवरची खूण न्यूट्रल दाखवते आणि आत पहिलाच पडलेला असतो. क्लच सोडला की रिक्षा उडी मारते, पुढे माणूस उभा असला तरी. म्हणून त्या वायरी आवळायचं काम उद्यावर ढकलू नये.

दुचाकीवाल्यांनी थांबण्याआधीच न्यूट्रल लावायची सवय करावी. गाडी दुसऱ्यात रेंगाळत पुढे जात असतानाच बुटाच्या टोकाने पेडल हलकं दाबायचं. उभं राहिल्यावरही अडलं, तर क्लचची दांडी केसभर सैल सोडायची, शाफ्ट जरासा हलू द्यायचा, पुन्हा पूर्ण दाबायची, आणि तेवढ्यात पेडल अंगठ्याने अर्धंच उचलायचं.