मुदत गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

समजा, तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याच्या सांडपाण्याबद्दल माहिती अधिकारात अर्ज टाकला. महिना उलटला, उत्तर नाही. "अर्ज विचाराधीन असेल, येईल उत्तर," असं म्हणून बहुतेक जण थांबतात. हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर माहिती नाकारली असंच कायदा धरतो. साहेबांचे 30 दिवस संपले की पहिल्या अपिलासाठी तुमचे 30 सुरू होतात. पुढे उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण पटवून द्यावं लागतं.

गंमत अशी, की जलप्रदूषणाच्या 1974 च्या कायद्यात उलटा न्याय आहे. सांडपाणी सोडायच्या संमतीसाठी कारखान्याने केलेल्या परिपूर्ण अर्जावर प्रदूषण नियंत्रण मंडळाने चार महिन्यांत निर्णय दिला नाही, तर संमती मिळाली असं मानायचं. 'मौनं संमतिलक्षणम्' हे कारखानदारापुरतं खरं!

"घाण पाणी रोजच सुटतंय, मग तक्रारीला मुदत कसली?" मुदत आहे. हरित न्यायाधिकरणाच्या 2010 च्या कायद्यात पर्यावरणाच्या वादासाठी सहा महिने, तेही कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून. नुकसानभरपाईसाठी मात्र पाच वर्षं. दोन्हींत सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस, त्यापुढे नाही. मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने तारापूरच्या प्रदूषणाविरुद्ध 2016 मध्ये याच न्यायाधिकरणाकडे धाव घेतली. खाडीतला मासा वर्षागणिक कमी होतो, तेव्हा 'पहिल्यांदा' म्हणजे कुठला दिवस? कायदा लिहिणाऱ्यांनी मच्छीमाराला विचारलं नसावं.

जव्हार-विक्रमगडकडे वेगळाच घोळ. "वनहक्काची मुदत 13 डिसेंबर 2005 लाच संपली," असं बिनधास्त सांगितलं जातं. ती तारीख दाव्याची नाही, ताब्याची आहे. आदिवासी कुटुंब त्याआधीपासून वनजमीन कसत होतं का, एवढंच त्या तारखेवरून ठरतं. दावे मागवताना ग्रामसभा तीन महिने देते आणि गरज पडली तर कारण लिहून ती मुदत वाढवतेही.

राहिली उसनवारी. "तीन वर्षं झाली, पैसे बुडाले," हेही सरसकट खरं नाही. त्या तीन वर्षांच्या आत देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर सहीच्या तारखेपासून पुन्हा नवी तीन वर्षं मोजतात. तोंडी "देतो रे" चालत नाही.